उभ्या फ्रेममध्ये दीड माणूस

रॅपचा इतिहास कुणी गाण्यांवरून सांगतं, कुणी आकड्यांवरून. मी तो मानेवरून सांगतो. बावीस वर्षं मी रॅपरांच्या मागे उभा राहिलो, आणि मागून माणसाची मान सोडून फारसं काही दिसत नाही.

हसू नका, हा धंदा आहे. म्हणजे होता. तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. पुढे एक जण बोटं नाचवत स्वतःची थोरवी सांगतोय आणि मागे पंधरा-वीस माणसं हाताची घडी घालून उभी आहेत, सकाळी कुणीतरी चहात मीठ टाकल्यासारखी तोंडं करून. ती माणसं काही आकाशातून पडत नाहीत. ती बोलवावी लागतात, उंचीप्रमाणे लावावी लागतात, आणि ऐन वेळी कुणी फिदीफिदी हसणार नाही याची खात्री करून घ्यावी लागते. आम्ही स्वतःला खांदेवाले म्हणायचो, कारण आमच्या जागा खांद्यांवरून ठरायच्या. रॅपरच्या उजव्या खांद्यामागचा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा, डाव्या खांद्यामागचा त्याच्या खालोखाल, आणि दोन्ही टोकांना उरलेली ती सगळी झालर. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आम्हाला खांदेकरी म्हणायची. तिला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही अशातला भाग नाही.

उजवा खांदा माझा होता. एकूण एकसष्ट व्हिडिओ. मंडळी मला कपाट म्हणतात, यावरून माझ्या अंगाची कल्पना यावी.

पोटापाण्याचं काम वेगळं, मी लाँड्रीत इस्त्री करतो. या धंद्यातही मला लाँड्रीनेच ढकललं. तोफ नावाचा एक रॅपर तेव्हा नुकता गाजायला लागला होता. त्याचे बारा शर्ट कडक इस्त्री करून मी शूटिंगच्या जागी पोचवायला गेलो, गठ्ठा खुर्चीवर ठेवला, वळलो, आणि तोफसाहेब त्या गठ्ठ्यावर बसले. बारा शर्ट! सकाळपासूनची मेहनत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठून गायला लागला तसा त्याच्या मागे जाऊन, हाताची घडी घालून, त्याच्या मानेकडे नुसता बघत राहिलो. दिग्दर्शक तिकडून ओरडला, "तो जाडा तिथून हलता कामा नये!" तेव्हापासून प्रत्येक शूटिंगला मी ते बारा शर्ट आठवायचो. चेहरा आपोआप व्हायचा.

पहिल्या काळात माना जाड आणि उघड्या होत्या. कपडे ढगळ, एका पँटमध्ये दोघं मावावेत असे, आणि शूटिंग कुठे, तर मोकळ्या प्लॉटवर पिंपात जाळ करून. गर्दी हाच दागिना होता. मागे चाळीस माणसं उभी असली की रॅपर मोठा. मग सोनं आलं. साखळ्या, अंगठ्या, लांबलचक गाड्या, बंगले. जगाला ते सगळं पुढून झगमगताना दिसलं. मला मागून साखळीच्या फाशाला बांधलेली दुकानाची चिठ्ठी दिसायची, 'सहाच्या आत परत'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बंगल्याचंही तेच. तोफ "हे माझं घर" म्हणत ऐटीत जिना उतरायचा आणि दोन गाण्यांच्या मध्ये मला हळूच विचारायचा, "अरे इस्त्री, इथे बाथरूम कुठे आहे?" एकदा भर उन्हाळ्यात त्याला केसाळ कोट चढवला होता. मी त्याच्या मागे उभा राहून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, पुठ्ठ्याने त्याच्या मानेवर वारा घालत होतो. त्या गाण्यात तो म्हणतो की मला कुणाची गरज नाही.

त्यानंतर माना बारीक झाल्या. केस गुलाबी, हिरवे, आणि पँटी इतक्या तंग की बसवायला दोन माणसं लागावीत. आम्हाला सांगण्यात आलं, आता रागीट नको, दुःखी दिसा. डाव्या खांद्यावर माझा जुना दोस्त असायचा, एरवी तो शाळेची बस चालवतो. त्याला दुःखी दिसणं काही जमेना. प्रयत्न केला की पोट बिघडल्यासारखा दिसायचा. मग आम्हाला धुरात उभं केलं, मग मुखवटे घातले. आणि एके दिवशी दिग्दर्शकाने कॅमेरा आणलाच नाही. खिशातून फोन काढला आणि उभा धरला.

तिथेच आमचा निकाल लागला. आडव्या फ्रेममध्ये रॅपर आणि अकरा माणसं आरामात बसतात. उभ्या फ्रेममध्ये दीड माणूस मावतो. त्यातला एक रॅपर, उरलेला अर्धा मी. साठाव्या व्हिडिओत माझा एक कान आहे. एकसष्टाव्यात कोपर. बासष्टावं बोलावणं आलंच नाही.

हल्ली कशाची चलती आहे हे मला लाँड्रीत बसूनच कळतं. पूर्वी रॅपरांचे कपडे कडक इस्त्रीला यायचे. आता नवेकोरे टीशर्ट येतात आणि सोबत निरोप, तीस वेळा धुवा, जुने दिसले पाहिजेत, आणि इस्त्री नको, घरच्यासारखा चुरगळा हवा. चुरगळा! ज्याने जन्मभर चुरगळ्याशी वैर धरलं त्यालाच चुरगळ्याची ऑर्डर! मी ते टीशर्ट उशीखाली घेऊन झोपतो, दुसरं काय करणार? नावंही बघा. पूर्वी कसे तोफ, वज्र, सुलतान असायचे. आता एकाचं नाव मोजा, एकाचं उरलंसुरलं, आणि एक आहे रविवार दुपार.

आणि एक आहे टाचणी. ती माझी भाची.

टाचणी म्हणजे ताईची एकुलती एक लेक, वय वर्षं वीस. आम्ही तिघं लाँड्रीच्या वरच्याच मजल्यावर राहतो. लहानपणी ही पोरगी शाळेतून आली की खाली धुलाईच्या मशीनला पाठ टेकून बसायची, आणि आतला ड्रम धबाधबा फिरेल त्या तालात शब्दाला शब्द जोडायची. गिऱ्हाइकांची नावं, साबणाची नावं, माझ्या पोटाचा घेर, काही वर्ज्य नाही. नाव टाचणी पडलं ते अंगावरून आणि जिभेवरूनही. मागच्या वर्षी तिने जिन्यात बसून फोनवर एक गाणं केलं आणि ते इतक्या लोकांनी ऐकलं, की गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, "ती टाचणी तुमची कोण?"

आता तिचं नवं गाणं तयार होतं. त्याचा व्हिडिओ खाली लाँड्रीतच, रविवारी सकाळी दुकान बंद असताना करायचं ठरलं. मी मनातल्या मनात शर्ट निवडायला लागलो. एकसष्ट वेळा परक्यांच्या मागे उभा राहिलो, त्यांतल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नव्हतं. आता घरचं माणूस रॅपर झालं होतं. मला एकदा, फक्त एकदा, टाचणीच्या मागे उभं राहायचं होतं. बासष्टावा व्हिडिओ, आणि मग कानाला खडा.

गुरुवारी चहा पिताना मी विषय काढला. "टाचणे, रविवारी काळा शर्ट घालू की राखाडी?"

"कशाला?"

"तुझ्या मागे उभं राहायला."

तिने कप खाली ठेवला. "मामा, गाण्याचं नाव 'एकटी' आहे."

"असू दे की. मी थोडाच काही बोलणार आहे?"

"अरे, पण एकटीच्या मागे माणूस कसा असेल?"

"बरं, नुसतं कोपर?"

"मामा!" ती हसली, पण मग गंभीर झाली. "आणि दुसरं सांगू? लोक तुला ओळखतात. म्हणतील, हा बघा तोफच्या मागचा भाड्याचा माणूस. तेव्हा सगळंच भाड्याचं होतं रे. सोनं, गाड्या, माणसं. मला माझ्या व्हिडिओत फक्त खरं हवंय."

भाड्याचा माणूस! तिने कुजकटपणे म्हटलं नव्हतं, तरी ते जिथे लागायचं तिथे लागलं. मी फुगून बसलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. सूड म्हणून तिच्या शूटिंगच्या जीन्सला अशी इस्त्री केली, की घडीच्या धारेवर पाव कापता यावा. तिने ती जीन्स उलगडली, जमिनीवर पसरली, आणि तिच्यावर बसून जेवली.

"दोघं एकाच मातीची," ताई म्हणाली. "एक फुगतं, एक टोचतं. मधल्यामधे माझा जीव जातो."

रविवार उजाडला. मी शूटिंगला जाणार नव्हतो. नऊला शूटिंग, आणि पावणेनऊला मी खाली होतो, तेही राखाडी शर्टात. मशीन बंद पडलं तर बघायला कुणी नको का, असं मी ताईला सांगितलं. तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि मेहेरबानी करून गप्प बसली.

खाली सगळी जमवाजमव झाली होती. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून दिलं होतं, दोन अटींवर. त्यांना शूटिंग बघू द्यायचं, आणि घड्या घालायच्या टेबलावर कुणी बूट घालून चढायचं नाही. टाचणीची मैत्रीण ढापणी, जिच्या चष्म्याच्या काचा बशीएवढ्या आहेत, ती दिग्दर्शक आणि तीच कॅमेरावाली. माझा दोस्त डावा खांदाही आला होता, रविवारी शाळेची बस नसते म्हणून. खिडकीतून येणारं ऊन मऊ पडावं यासाठी त्याला पांढरी चादर ताणून धरायला लावली होती. ताई स्टुलावर उभी राहून हातात दिवा धरून होती. ढापणीने फोन इस्त्रीच्या टेबलावर टेकवला आणि मला दार दाखवलं.

"मामा, तुम्ही तिथे दाराशी. हलायचं नाही. हल्ली काटछाट चालत नाही, सगळं गाणं एका दमात घ्यायचं. कुणी मधे आलं की पुन्हा पहिल्यापासून."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी फ्रेममध्ये आहे."

समोर धुलाईची मशीन एकावर एक रचलेली, वर तीन, खाली तीन. त्यांच्यापुढे टाचणी उभी. मालकीणबाईंनी बटणं दाबली, ड्रम फिरायला लागले, स्पीकरमधून ठेका सुरू झाला. टाचणीने तोंड उघडलं.

पुढचं मला खरंच आठवत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. "मामा!" अशी किंकाळी ऐकली तेव्हा मी टाचणीच्या उजव्या खांद्यामागे उभा होतो. हाताची घडी, कपाळाला आठी, सगळं जागच्या जागी. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. डाव्या खांद्यामागे माझा दोस्त उभा होता, चादर फरफटत घेऊन.

"ठेका सुरू झाला ना, म्हणून," तो ओशाळून म्हणाला.

दुसऱ्या वेळी मी दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्या कडव्यात आवाज चढला आणि पाय पुन्हा निघाले. अर्ध्या वाटेत मला भान आलं, मी थांबलो, पण तोवर कोपर फ्रेममध्ये पोचलं होतं.

"मामा, फ्रेमबाहेर म्हणजे फ्रेमबाहेर!" टाचणी ओरडली. "मुद्दाम करतोयस ना तू?"

मग माझाही तोल गेला. "एकटी म्हणे! ताई दिवा धरून स्टुलावर लटकली आहे, हा चादर धरून उभा आहे, मालकीणबाई सुट्टीच्या दिवशी बटणं दाबतायत. इतकी माणसं राबतायत आणि गाणं काय, तर एकटी! तोफ तरी वेगळं काय करायचा? त्याची माणसं खोटी होती, तुझं एकटेपण खोटं आहे!"

मालकीणबाईंनी घाबरून सगळी मशीन बंद करून टाकली होती.

टाचणी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कॉलेजच्या स्पर्धेला तू येणार होतास," ती म्हणाली. "माझी पहिली स्पर्धा. पहिल्या रांगेत बसतो म्हणालास. मी पिशवी ठेवून तुझ्यासाठी खुर्ची धरली होती. आईला ताप होता, त्यामुळे घरचं असं तू एकटाच येणार होतास. ऐन वेळी तुला तोफचं बोलावणं आलं आणि तू तिकडे गेलास. मी स्टेजवर चढले तेव्हा समोरच्या खुर्चीवर माझीच पिशवी होती. घरी येऊन त्याच संध्याकाळी हे गाणं लिहिलं मी. ते खोटं नाहीये, मामा."

मला ती स्पर्धा आठवली. म्हणजे, स्पर्धा होती हे आठवलं. त्या दिवशीचं शूटिंग मात्र मला नीट आठवत होतं. तो एकसष्टावा व्हिडिओ. एका कोपरासाठी मी त्या पोरीची खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि घरी आल्यावर स्पर्धा कशी झाली हेसुद्धा विचारलं नव्हतं, कारण कोपरच तेवढं आलं म्हणून माझाच पारा चढलेला होता.

एरवी मी हार मानणारा माणूस नाही. चूक कबूल करायची वेळ आली की मला आधी तहान लागते, मग कुठेतरी जायचं आठवतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं, टाचणे. फार चुकलं."

तिने बाहीने नाक पुसलं. "बरं," ती म्हणाली. "चल, परत घेऊ."

ढापणी पोरगी हुशार. तिने ओळखलं, की माझे हात मोकळे राहिले तर पाय ऐकणार नाहीत. तिने कपड्यांची ढकलगाडी ओढत आणली, फोन घेऊन आत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही मला मागच्या भिंतीपासून टाचणीपर्यंत ढकलत न्या. पूर्ण गाणं संपेपर्यंत. अगदी हळू, गोगलगाय बरी इतकं हळू."

आणखी एक सुधारणा झाली. मशीनमध्ये मी पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या. टाचणीच्या मागे त्या फिरत होत्या आणि दूध उतू गेल्यासारखं दिसत होतं. तिला तिथे काळोख हवा होता. मी चादरी काढून कुठल्याशा हॉटेलातल्या वेटरांच्या काळ्या पँटी भरल्या, सहाच्या सहा मशीनमध्ये.

तिसऱ्यांदा ठेका सुरू झाला. मी गाडी ढकलायला लागलो, आणि त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली, जी बावीस वर्षांत कधी दिसली नव्हती. गाताना रॅपरचा चेहरा.

मी बड्याबड्यांच्या माना पाहिल्या, पण गाताना त्यांच्या चेहऱ्यावर काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. टाचणीचा चेहरा हळूहळू जवळ येत होता. अवघड शब्दाआधी ती डोळे बारीक करत होती, लहानपणी सुईत दोरा ओवताना करायची तशी. घाबरलेली होती. जोशात होती. दोन्ही एकदमच. आणि मग तिचं पालुपद आलं:

"पायऱ्या मोजल्या नाहीत, चढत गेले एकटी,
सावलीला म्हटलं घरी थांब, मी पुढे गेले एकटी."

मला वाटलं, देवा, ही काय गाते! मी हिच्या मागे उभा राहिलो असतो तर मला हे दिसलंच नसतं.

गाणं एका दमात पार पडलं. ढापणीने "झालं!" म्हणून आरोळी ठोकली आणि आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो. सुरुवात छान होती. टाचणी छान होती. अर्ध्यात ढापणी एकदम "अगं बाई गं" म्हणाली आणि तिने तिथेच थांबवलं.

टाचणीच्या डोक्याशेजारी वरच्या मशीनची गोल काच होती. आत काळे कपडे, त्यामुळे काचेचा झाला होता आरसा. आणि त्या आरशात आम्ही होतो. उभ्या फ्रेममध्ये दीड माणूस मावतो हे खरं, पण त्या फुगीर काचेत आम्ही सगळे मावलो होतो. गाडीत मांडी घातलेली ढापणी. तिला ढकलणारा मी, राखाडी शर्टात, तोंड उघडं. स्टुलावर दिवा धरून ओठ हलवत गाणं म्हणणारी ताई. तिला गाणं पाठ आहे हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. चादरीआडून डोकावणारा डावा खांदा. आणि मालकीणबाई, ज्या चक्क नाचत होत्या.

"मी नाचत नव्हते," मालकीणबाई म्हणाल्या. "पाय मोकळे करत होते."

कुणीतरी हसलं, पण टाचणी नाही. ती फोन हातात घेऊन तो तुकडा पुन्हापुन्हा बघत होती. मला वाटलं, झालं, मी पुन्हा हिचं काम बिघडवलं. मी कपाटातून गडद रंगाच्या चादरी काढल्या.

"काचांवर लावून टाकतो," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम. तुझं गाणं एकटीचंच राहिलं पाहिजे."

हे मी मनापासून बोललो. फ्रेममध्ये यायची माझी हौस फिटली होती असं नाही, पण ती रिकामी खुर्ची डोक्यातून जात नव्हती. मी एकेका काचेवर चादर खोचत गेलो. पाच झाकल्या. सहावीपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, ती एक राहू दे."

"अगं, नेमकी हीच. हिच्यातच दिसतो आम्ही."

"माहितेय मला." मग तिने ढापणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे वळली. "मी काहीही केलं तरी तू थांबायचं नाहीस. ढकलत राहायचं. कळलं?"

"गाणं संपल्यावरही?"

"हो. संपल्यावरही."

चौथ्यांदा. ठेका, ड्रमची धबधब, टाचणीचा चेहरा. मी काचेकडे बघायचंच नाही असं ठरवून गोगलगाय झालो. पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटचं पालुपद. "मी पुढे गेले एकटी," असं म्हणून तिने श्वास घेतला आणि ती सरळ बाजूला झाली. फ्रेममधून बाहेरच गेली! रॅपरच नाही अशी फ्रेम मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. मला थांबायचं होतं, पण सांगितलं होतं ढकल, म्हणून ढकलत राहिलो. ढापणीने फोन काचेकडे रोखला. समोर आता ती गोल काच तेवढी उरली होती, आणि तिच्यात आम्ही मोठे मोठे होत चाललो होतो.

तेवढ्यात माझ्या हाताशेजारी आणखी एक हात आला. टाचणी वळसा घालून मागे आली होती आणि माझ्याबरोबर गाडी ढकलत होती. काचेत ती आमच्यात उभी दिसत होती, ताईच्या दिव्याखाली, माझ्या दंडाला दंड लावून.

"आता खरं झालं," ती माझ्या कानाशी म्हणाली.

बावीस वर्षं मी कॅमेऱ्यासमोर चेहरा हलू दिला नव्हता. त्या दिवशी डोळ्यांना अशी धार लागली की पुढचं काही दिसेना. गाडी तिरकी झाली, ढापणी "मामा, मामा, मशीन!" म्हणून ओरडली, आणि आम्ही धाडकन जाऊन मशीनवर आदळलो. सहाव्या काचेत आमच्या सगळ्यांची तोंडं एकदम उघडलेली, ताईचा दिवा छताकडे, आणि मी ढसाढसा रडतोय.

"चुकलं माझं," मी डोळे पुसत म्हटलं. "पहिल्यापासून घेऊ. या वेळी नीट ढकलतो."

टाचणीने फोन ढापणीच्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला.

"नाही," ती म्हणाली. "हाच."